करंगळी

साखरीनाट्याच्या बंदरावर बर्फ फोडायचा आवाज थांबला
की मी मशीन पिशवीत घालते,
वरून आणखी एक प्लास्टिकची पिशवी,
खारा वारा चार्जिंगच्या भोकात शिरतो म्हणून.
बँकेची शाखा दोन एसटी लांब.
मी बँकमित्र. तसं कार्डावर छापलंय
माझ्या फोटोखाली; फोटोत मी रागावल्यासारखी दिसते.

रुकय्या होडेकरच्या ओट्यावर
सोललेल्या कोलंबीचं टोपलं, सालांवर माशा
आणि तिचे हात.

अंगठा ठेवला. लाल दिवा.
तर्जनी. लाल.
खोबरेल चोळलं, पदराला पुसलं,
फुंकर मारली, उन्हात धरलं.
लाल.
"तीस वर्षं सोलतेय गो," ती म्हणाली,
"माझी बोटं कोलंबीसोबतच गेली
कंपनीच्या गाडीतून, बर्फात बसून
जपानला की कुठं."

मुलगा मुबीन मोम्बासाला,
बोटींची इंजिनं उघडतो, बसवतो.
चार वर्षं पैसे आले ते दिराच्या खात्यात.
दीर वाईट माणूस नव्हे.
(हे तिनं दोनदा सांगितलं.)
फक्त मोजून द्यायचा
आणि देता देता विचारायचा, कशाला?
डोळ्यांच्या थेंबांना.
पडवीच्या पत्र्याला.
एकदा राजापूरच्या स्टँडवर
नुसतंच आईस्क्रीम खावंसं वाटलं होतं,
ते काय सांगायचं कुणाला?
मागितलेच नाहीत.

मग तिनं फोन माझ्या कानाला लावला.
मुबीनचा आवाज, मागे कसलंतरी इंजिन:
"मा, इथं आमच्या धक्क्यावर एक नारळवाली आहे.
साधा बटणांचा फोन तिचा, काच तडकलेली.
संध्याकाळी आकडे दाबते
आणि लांब तिच्या गावात, आंब्याखालच्या टपरीत
एक पोरगी तिच्या आईच्या हातात नोटा मोजते.
आईला वाचता येत नाही. तरी चालतं.
तूही घे खातं. तुझ्या नावाचं.
आणि मा, पैशाला इथं पेसा म्हणतात."

यावर ती हसली ते थांबेचना.
"आपलाच शब्द!
गेला असेल कुणा खलाशाच्या तोंडात बसून
गलबतावर, वारा बघून.
तिकडंच राहिला मेला.
बघ, आता माझ्या पोराला तोच सांभाळतोय."

नऊ बोटं झाली होती.
उरली डाव्या हाताची करंगळी,
सोलताना जी नेहमी वर राहते, हवेत,
कुणाच्यातच नसल्यासारखी.
हिरवा.

मी चिठ्ठी फाडली, वाचून दाखवली:
शिल्लक तेरा हजार पाचशे.
"शंभर काढ," ती म्हणाली.
काढले. तिनं नोट उजेडाला धरली,
दोन घड्या घातल्या, उलगडल्या.
"आता परत टाक."
टाकले. करंगळी. हिरवा.
तेरा हजार पाचशे.
डालग्याखाली कोंबडी आहे ना
बघावं, आणि डालगं पुन्हा टेकवावं,
तशी ती मागे सरकून बसली.
या दोन फेऱ्यांचं मला कमिशन मिळालं
त्यात अर्धा चहा आला असता.

दीर येऊन उभा राहिला दारात.
"पाठवले पोरानं?"
"पाठवले."
"किती?"
ती पुढची कोलंबी उचलून
डोकं मोडत म्हणाली, "पुरतील."
तो थोडा वेळ तसाच उभा होता.
मग म्हणाला, पत्रा मी बघतो,
मजुरी नको.

पुढच्या मंगळवारी जेट्टीवरून जाताना
तिनं लांबूनच करंगळी वर करून दाखवली.
शाळेतून सुटलेली पोरं खिदळली,
एकानं तर कोपऱ्यातला माडही दाखवला तिला.
ती पोरांवर ओरडली, मग स्वतःच हसली.
मी मशीन काढलं, पिशवीतून, पिशवीतून.
रेंज नव्हती.
आम्ही दोघी मशीन वर धरून
जेट्टीच्या टोकापर्यंत चालत गेलो.
"किती काढू?"
ती जरा घुटमळली.
"आईस्क्रीम
केवढ्याला असतं गो आता?"